पहिल्या सहीच्या आधी

जिल्हा बाल संरक्षण कक्षात नव्यानं रुजू झालेल्या सामाजिक कार्यकर्तीच्या टेबलावर सुरुवातीच्या दिवसांतच एक कागद येतो, नमुना २२. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचा सामाजिक तपासणी अहवाल. घरात कोण कोण आहे, कमावतं कोण, कुणाचं कुणाशी पटत नाही, व्यसन, आजारपण, शाळा कधी सुटली, घर का सुटलं, असे रकाने भरत भरत आपण शेवटच्या जागेपाशी येतो. तिथं या मुलाचं पुढं काय व्हावं याबद्दल आपलं मत लिहायचं असतं आणि खाली सही करायची असते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नं या तपासणीला पंधरा दिवस दिले आहेत. मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत बाल कल्याण समितीनं अंतिम आदेश द्यायचा, तर हा अहवाल त्याआधी वेळेवर हातात असायला हवा.

बाल कल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. ते मुलाशी बोलतात, आईबापांना बोलावून घेतात. पण मुलाच्या घरी ते सहसा गेलेले नसतात. मूल बालगृहात राहील, आजीकडे जाईल की आईकडे परत जाईल हे ठरवताना त्यांच्यापुढं त्या घराबद्दल जे काही असतं, त्यातलं बरंचसं एखाद्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीनं लिहिलेलं असतं. तिची नेमणूक कंत्राटी असते, मानधन बेताचं असतं, आणि ते घर शोधण्यातच तिचा अर्धा दिवस गेलेला असतो.

बरीच वर्षं मी हेच काम केलं. आता नव्यांच्या प्रशिक्षणाला शिकवायला जाते. माझं सांगणं एकच आहे आणि ते मी बोलावतील तिथं सांगत असते : यांची पहिली सही उशिरा होऊ द्या. ज्यानं अनुभवी माणसाबरोबर पुरेशी घरं पाहिलेली नाहीत, त्याला एकट्याला घर पाहायला धाडू नका. कारण त्याच्या शिकण्याची किंमत तो स्वतः देत नाही, ते मूल देतं.

आजचं प्रशिक्षण बहुतेक वेळा सभागृहात होतं. दोन-तीन दिवस, पडद्यावर स्लाइडा, पुढ्यात फोल्डर. अधिनियम, समितीची रचना, कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलांचं बाल न्याय मंडळ वेगळं कसं, मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचना, पोर्टलवर नोंद कशी करायची, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर आलेला फोन कुणाकडून कुणाकडं जातो. हे सगळं लागतंच, मीही शिकवते. मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत समितीपुढं हजर करायचं, मुलाची ओळख उघड होईल असं काहीही कुठंही छापून येऊ द्यायचं नाही, मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली की ‘पोक्सो’ या त्याविषयीच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणं ती कळवावीच लागते, या गोष्टी झोपेतून उठवलं तरी सांगता आल्या पाहिजेत. त्यांना वेळ द्यावाच. पण त्या पाठ झाल्या म्हणजे माणूस दारापर्यंत पोचला. दार उघडल्यावर काय करायचं, ते फोल्डरमध्ये नसतं.

खरं तर आपल्याकडं या शिक्षणाचा जन्मच वस्तीत झाला. १९२४ साली बॉम्बे चिल्ड्रेन ॲक्ट आला, १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी उभी राहिली आणि रस्त्यावरच्या मुलांसाठी संस्था चालू लागल्या. समाजकार्याचं रीतसर शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था १९३६ साली मुंबईतच निघाली, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क. आज आपण तिला ‘टिस’ म्हणतो, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. ती उभी करणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट त्याआधी नागपाड्यात नेबरहूड हाऊस चालवत होते. वर्गाइतकाच वस्तीलाही मान, ही रीत तिथूनच पडली. आजही एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गाची, मुलं आठवड्यातले ठरलेले दिवस फील्डवर्कला जातात, परतल्यावर नोंदी लिहितात, आणि त्या नोंदींवर शिक्षक त्यांच्यासोबत बसतो. मग हीच मुलं नोकरीत शिरली की सोबत बसणारं माणूस कुठं नाहीसं होतं? कॉलेजात जिच्या प्रत्येक नोंदीवर लाल शाईत प्रश्न विचारले जायचे, तिच्या अहवालावर आता ‘सादर’ एवढाच शेरा पडतो.

नवा कार्यकर्ता घरात पाऊल टाकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत आधी गरिबीच भरते. दहा बाय दहाची खोली, पत्रा, उघडं गटार, भांड्यांवर माश्या, उघडंनागडं धाकटं. हा कार्यकर्ता स्वतः साध्या घरातून आलेला असतो, पण हात धुऊन जेवणाऱ्या, संध्याकाळी दिवा लावणाऱ्या घरातून. त्याच्या लेखणीतून आपसूक उतरतं की घर अस्वच्छ, वातावरण मुलाच्या वाढीस पोषक नाही. कायद्यातली व्याख्याही त्याला साथ देते असं त्याला वाटतं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल कोण, हे सांगताना अधिनियमात पहिलंच येतं ते ज्याला स्थिर घर नाही आणि पोट भरण्याचं दिसतंसं साधन नाही असं मूल. एवढंच वाचलं तर माळावरच्या अर्ध्या पालांतली मुलं उचलून आणावी लागतील. म्हणून मी व्याख्येच्या आधी कलम ३ वाचायला लावते. त्यात सोळा तत्त्वं आहेत. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आहे, आणि मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे, बाकी सगळं करून पाहिल्यानंतरचा. ही दोन तत्त्वं ध्यानात ठेवून घरात शिरलं की नजर निराळ्या गोष्टी शोधायला लागते.

पहाटे चारला मंडईत जाणारी आई पाच वर्षांच्या मुलीला आठ वर्षांच्या भावाच्या हवाली करून दाराला बाहेरून कडी घालते. हे धोक्याचं आहे, यात वाद नाही. पण तपासणीचा खरा प्रश्न असा की तिला दुसरं काय करता आलं असतं? शेजारी कुणी आहे का? अंगणवाडी किती वाजता उघडते? “कामाला न्हाई गेलं तर खायचं काय, म्याडम?” असं ती विचारते तेव्हा तो उर्मटपणा नसतो, ती माहिती असते, आणि ती अहवालात यायला हवी. बाप वारलाय किंवा सोडून गेलाय, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून दिल्या जाणाऱ्या मदतीत, महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. या रकमा मोठ्या नाहीत. पण एकट्या आईच्या घरात तेवढ्यानं मूल घरी राहतं की संस्थेत जातं, याचा निकाल लागताना मी पाहिला आहे. नव्या कार्यकर्त्याला हे अर्ज भरता आले पाहिजेत, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला मिळवताना ती आई तहसीलच्या कुठल्या खिडकीवर अडेल हे ठाऊक पाहिजे. माझ्या मते प्रशिक्षणात दाखल्यांना एक अख्खी दुपार द्यावी.

याची दुसरी बाजूही तितकीच शिकवावी लागते. फरशी लखलखतेय, सोफ्यावर कव्हर, भिंतीवर मुलीची बक्षिसं, चहासोबत बिस्किटं येतात आणि तुम्ही प्रश्न विचारण्याआधीच काका सगळी उत्तरं देतात. मुलगी मात्र प्रत्येक वाक्याआधी त्यांच्याकडं पाहते. ‘पोक्सो’खालच्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचा असतो, हे दरवर्षीच्या राष्ट्रीय आकडेवारीत दिसतं. नीटनेटक्या घरात कार्यकर्त्याची पेन सैल पडते. तिथं तर अधिक थांबायचं असतं.

मला हे काम एका परिविक्षा अधिकारी बाईंनी शिकवलं, म्हणजे मुलांच्या घरची चौकशी करून अहवाल देणाऱ्या अधिकारी. त्यांची रीत अशी. कार्यालयाची जीप गल्लीच्या तोंडाशीसुद्धा न्यायची नाही, कारण सरकारी गाडी दिसली की गल्ली जमते आणि त्या घराची अब्रू त्याच दिवशी चव्हाट्यावर येते. ओळखपत्र पर्समध्ये, मागितलं की दाखवायचं. वाट विचारताना कारण सांगायचं नाही. पाणी दिलं तर प्यायचं. घरातली माणसं जिथं बसतात तिथंच बसायचं. आईला आधी तिचंच विचारायचं, तब्येत कशी आहे, झोप लागते का. मुलाचा विषय तीच काढते, थोडं थांबलं की.

परतताना आम्ही एसटी स्टँडवर बसायचो. बाई म्हणायच्या, आता बोलायचं नाही, आधी लिहायचं. दोघी आपापल्या वहीत लिहायचो : डोळ्यांनी काय पाहिलं, कुणी काय सांगितलं, आणि मला काय वाटलं. तीन गोष्टी तीन ठिकाणी. मग वह्यांची अदलाबदल. एकाच घरात, एकाच चटईवर बसलेल्या दोघींच्या वह्या किती वेगळ्या निघायच्या! हा सराव मी आता प्रत्येक तुकडीकडून करून घेते. मागं एकदा (गाव आणि तपशील बदलून सांगते) दोन प्रशिक्षणार्थी एका घरी जाऊन आले. एकानं लिहिलं, “आई मुलाकडे दुर्लक्ष करते, व्यसनी वाटते.” दुसरीनं लिहिलं, “दुपारी साडेबारा वाजता गेलो. आई झोपलेली होती. शेजारणीनं सांगितलं की ती रात्रपाळीला हॉस्पिटलात साफसफाईला जाते. मुलाचा शाळेचा गणवेश धुऊन दोरीवर घातलेला होता. मूल आईच्या पाठीला टेकून बसलं.” मत दोघांनीही लिहिलं होतं. पण दुसरीचं मत समिती तपासून पाहू शकते, तिच्याशी असहमतही होऊ शकते. पहिल्याचं मत एक तर मानायचं, नाही तर टाकून द्यायचं. आणि ते ‘व्यसनी वाटते’ एकदा फाइलला लागलं की पुढच्या प्रत्येक अहवालात ‘वाटते’ गळून पडतं.

ही फाइल मोठेपणी ते मूल वाचायला मागू शकतं, हेही मी सांगते. अठरा पूर्ण करून बालगृहातून बाहेर पडणारी, अठरानंतरच्या मुलांसाठीच्या अनुरक्षणगृहात राहिलेली मुलं कधीतरी विचारतातच की मला घरून का आणलं होतं. त्या दिवशी त्याच्यासमोर आपलं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवता येईल का? लिहिताना हा प्रश्न स्वतःला विचारावा असं मला मनापासून वाटतं.

मुलाशी बोलायचं कसं, हे तर कुठल्याच स्लाइडमध्ये मावत नाही. काय बोलू नये ते मात्र सांगता येतं. “खरं खरं सांग” म्हणायचं नाही, कारण त्यात तू खोटं बोलतोस हे आधीच आलं. “मी कुणालाही सांगणार नाही” असं वचन द्यायचं नाही, कारण कायद्यानं सांगावं लागणार आहे, आणि दिलेलं वचन आपण मोडलं की ते मूल पुन्हा कुणाहीपुढं तोंड उघडत नाही. “तुला लवकरच घरी नेते” हेही नाही, ते आपल्या हातात नसतं. त्याऐवजी इथं कोण आहे, आता काय होणार, उद्या कुणासमोर जायचं, तिथं काय विचारतील, जेवण कधी मिळेल, हे सांगायचं. मुलाला बहुतेक वेळा एवढंच कळून घ्यायचं असतं. एकच गोष्ट पोलिसांनी, डॉक्टरांनी, समितीनं, आणि पुन्हा आपण विचारायची वेळ येत असेल तर आधीची नोंद मागवून वाचावी आणि मुलाला तेवढं तरी सोडावं.

भाषेची अडचण तर जिल्हागणिक बदलते. धडगावचं मूल पावरी बोलतं, भामरागडचं माडिया, तांड्यावरचं गोरमाटी, आणि रुजू झालेली ताई असते सांगलीची. अशा वेळी दुभाषा म्हणून घरातल्याच मोठ्या माणसाला बसवणं सगळ्यांत सोयीचं, आणि सगळ्यांत धोक्याचं. ‘पोक्सो’त दुभाष्याची तरतूद आहे. पण कक्षाकडं अशा माणसांची यादी तयार आहे का, ते नव्या माणसानं पहिल्या आठवड्यातच विचारावं, आणि नसेल तर स्वतः करायला घ्यावी. आश्रमशाळेतले शिक्षक, गावातल्या आशा सेविका, माजी विद्यार्थी, अशी माणसं सापडतात.

जिल्ह्याचं स्वतःचं पंचांगही असतं, आणि ते राज्यभर एकाच छापाच्या प्रशिक्षणात कधी येत नाही. बीडमध्ये जानेवारीत गृहभेटीला गेलात तर घरात आजी एकटी भेटेल. आईबाप दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन ऊसतोडीच्या फडावर गेलेले असतात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ज्याला हे माहीत नाही तो “पालक उपलब्ध नाहीत” लिहून मोकळा होईल. ज्याला माहीत आहे तो मुकादमाचं नाव आणि कारखाना विचारेल, फोन लावेल, आणि हंगामी वसतिगृहाची चौकशी करील. पालघर-रायगडकडं कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातात, नंदुरबारची गुजरातेत. मुलींची लग्नं हंगामाच्या आधी का उरकतात, हेही या पंचांगात कळतं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो, तेव्हा त्याची ओळख लग्नाच्या आदल्या रात्री करून घेण्यापेक्षा रुजू झाल्याबरोबर करून घ्यावी.

मनमाड, भुसावळ, कल्याणसारख्या जंक्शनवर सापडणाऱ्या मुलांचं काम वेगळंच. तिथं नाव खोटं असतं, गाव खोटं असतं, आणि त्याला मुलाकडं कारणं असतात. खोदून विचारलं की ते आणखी लांबचं गाव सांगतं. जुनी माणसं गाव विचारतच नाहीत. तुमच्याकडं भाकरी कशाची करतात? जत्रा कुणाची भरते? शाळेत जाताना नदी लागते का, तिच्यावर पूल आहे का? बाजार कुठल्या वारी? आईला काय म्हणतोस? दोन-तीन दिवस गप्पा मारता मारता एक तालुका हळूहळू उमटतो. कधी आधारची मदत होते. बालगृहात नवी नोंदणी करताना बोटांचे ठसे आधीच नोंदलेले निघतात आणि त्यावरून घर सापडतं. मला मात्र नदी आणि बाजाराच्या वाटेनं गाव शोधणारी माणसं फार आवडतात. त्यांच्याजवळ बसून एक दुपार ऐकावं, यापेक्षा चांगलं प्रशिक्षण मला ठाऊक नाही.

आणि या सगळ्यात त्या कार्यकर्तीचं काय होतं? दिवसभर जे ऐकलं ते घरी नेता येत नाही, कारण गोपनीयता आहे. कार्यालयात कुणी विचारत नाही. वरिष्ठ विचारतात ते “पेंडिंग किती?” हा प्रश्नही रास्त आहे, मुलं त्या पेंडिंगमध्येच अडकलेली असतात. पण समाजकार्यात सुपरव्हिजन ज्याला म्हणतात ते आढाव्याहून निराळं असतं. आठवड्यातून एकदा दार लावून तासभर बसायचं, एक केस घ्यायची, त्या घरात तुला कशाची भीती वाटली, कुणाचा राग आला, कुणाची कीव आली, हे बोलायचं. हे चोचले नव्हेत. बापाचा राग आलेली कार्यकर्ती नकळत त्या रागातून अहवाल लिहिते. स्वतःच्या बहिणीची आठवण झालेली दुसरी मुलीला लवकर घरी पाठवायची घाई करते. बोलल्यावर ते तिचं तिलाच दिसतं. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’मधला ‘संवाद’ हा उपक्रम देशभरातल्या बाल संरक्षण कर्मचाऱ्यांना मानसिक आरोग्याच्या अंगानं शिकवतो, त्याचा फायदा घ्यावाच. पण रोजचं सुपरव्हिजन जिल्ह्यातच उभं राहायला हवं.

ते राहत नाही याचं मोठं कारण माणसं टिकत नाहीत हे आहे. कंत्राट, लांबणारं मानधन, दुसरीकडं मिळालेली बरी नोकरी. जाणारी मुलगी फाइल कपाटात ठेवून जाते, येणारी ती उघडते, आणि मूल तिसऱ्यांदा पहिल्यापासून सांगू लागतं की त्याचा बाप कधी गेला. पगाराचा प्रश्न माझ्या हातात नाही. निरोपाचा आहे. जाणाऱ्या ताईनं येणाऱ्या ताईला बरोबर घेऊन बालगृहात जावं, मुलासमोर सांगावं की मी आता इथं नसेन, ही असेल, तुझं मी हिला अमुक इतकं सांगितलंय, बाकी तुला वाटलं तर सांग. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि नव्या ताईसाठी ती पहिली शिकवणीही आहे, जिथं तिला काहीच लिहायचं नसतं.

पुढच्या तुकडीसाठी मी वेळापत्रकात बदल मागितला आहे. सभागृहाचे दिवस कमी करून पहिल्या महिन्यात प्रत्येक नव्या कार्यकर्त्यानं अनुभवी माणसाबरोबर घरं पाहावीत, दोघांनी वेगवेगळं लिहावं, अहवालावर सही जुन्याची असावी. जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना कल्पना पटली आहे. दोन-तीन परिविक्षा अधिकारी आणि एक निवृत्त बाई बरोबर जायला तयारही आहेत. दोघांचा प्रवासखर्च कुठल्या लेखाशीर्षात टाकायचा, यावर फाइल थांबलेली आहे. सोमवारी मी पुन्हा लेखापालांकडं जाणार आहे.